तीनशे पन्नास म्हणजे नेमकं किती?

माझे वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. कांदा आला की खांद्याला काम, कापूस आला की पाठीला काम, आणि दोन्ही नसलं की घरात सगळेच गप्प. आई निंदणी-खुरपणीला जायची. मी दहावीत असताना आमच्या घराची वीज तोडली. ती मी कॉलेजात गेले तरी परत जोडलेली नव्हती. मीटर काढून नेल्यावर भिंतीवर एक चौकोन राहिला होता. आई सणाला सगळी भिंत सारवायची आणि तो चौकोन तेवढा सोडायची. का सोडतेस, असं मी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

अशा घरातून मी शहरात बीएस्सीला आले. विषय कोणता, असं खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ज्यात जागा आहे तो. जागा इलेक्ट्रॉनिक्समध्ये होती. म्हणजे माझ्या धंद्याची सुरुवातच अशी, काय निवडतेय हे न कळता निवडण्यापासून झाली. सुट्टीत गावी गेले की शेजारची बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "घरात दिवा नाय आन पोरगी इलेक्ट्रॉनिक शिकायली व्हय!" वडील शांतपणे तंबाखू मळत म्हणायचे, "शिकू दे की. घरात लाइट आली तर कशी आली ते तिला तरी कळंल."

घरातली, भावकीतली आणि आमच्या गल्लीतली पहिली पदवीधर मी. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पदवीनंतर वाळूजला एका कारखान्यात कार्डं, म्हणजे यंत्राच्या आतल्या सर्किटच्या पाट्या, भरायच्या लाइनवर लागले. तिथल्या सगळ्या वर्षांची हकीकत सांगत बसत नाही. एवढंच सांगते की माझ्या शेजारच्या खुर्चीवर कांतामावशी बसायची. वयानं माझ्या आईच्या जवळची, शाळा चौथीपर्यंत, आणि हात असा की तिनं दिलेला सोल्डरचा डाग आणि मी दिलेला डाग शेजारी ठेवले तर माझा झाकून ठेवावासा वाटायचा. कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही दोघींनी बजाजनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. टीव्हीची, इन्व्हर्टरची, कारखान्यातल्या मशीनची कार्डं दुरुस्त करायची आणि कुणी दिली तर नवी भरून द्यायची. हळूहळू लाइनवरच्या आणखी बायका येऊन मिळाल्या. मावशी मला 'पोरी' म्हणते. रागावली की 'मॅडम' म्हणते. त्यामुळं तिच्या तोंडून मॅडम आलं की मी आधी माझं काय चुकलं ते शोधते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्डावर छोटे छोटे भाग बसवायचे आणि खालून त्यांचे पाय तांब्याच्या पट्ट्यांना कथलाच्या तारेनं चिकटवायचे. याला सोल्डरिंग म्हणतात. आमच्याकडची जुनी माणसं 'डाग देणं' म्हणतात. गरम करायच्या हत्याराला आयर्न म्हणतात आणि त्याच्या पुढच्या टोकाला बिट. सगळी मजा बिटात आहे. ते पुरेसं गरम नसेल तर कथील नुसतं वरून बसतं, आत धरत नाही. जास्त गरम असेल तर कार्डावरची तांब्याची पट्टीच उचकटून येते. पहिल्या प्रकाराला आम्ही 'ड्राय' म्हणतो. ड्राय डाग वरून चांगला दिसू शकतो, हीच त्याची लबाडी.

पैठणकडचा एक शेतकरी होता. त्याच्या विहिरीवरची मोटार आपोआप चालू करणारं कार्ड तो मोटारसायकलच्या डिकीतून आमच्याकडं आणायचा. आमच्या टेबलावर ते झकास चालायचं. घरी नेलं की बंद. असं परत परत झालं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, हे यंत्र नाय, जावई हाय. सासुरवाडीत लई शहाणा, घरी आला की अंग टाकतोय." मावशीनं भिंग लावून प्रत्येक पाय हलवून पाहिला, तेव्हा एक चकचकीत डाग आतून सुटलेला निघाला. शेतातल्या धडधडीत तो सुटायचा आणि आमच्या टेबलावर परत टेकायचा. तेव्हापासून चकचकीत दिसणाऱ्या कशावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. म्हणजे, असं मला वाटत होतं. पुढं काय झालं ते वाचा.

टीव्हीचं काम कमी होत होत संपलं. लोक आता टीव्ही दुरुस्त करत नाहीत, बदलतात. शेडमधल्या बायकांना रोज काय काम द्यायचं हा प्रश्न पडायला लागला होता. अशा वेळी वाळूजमधल्या एका कंपनीनं आम्हाला विचारलं. ती कंपनी दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवते. त्यातली कार्डं भरायची. काम वर्षभर चालेल असं. ते मिळालं तर शेड चालणार होती. नाही मिळालं तर मला बायकांना घरी बसायला सांगावं लागणार होतं, आणि ते कुणाकुणाला सांगायचं याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

कंपनीकडून गुणवत्ता तपासायला मुळे सर आले. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड, नजर मात्र कोपऱ्यातल्या धुळीवर. मावशीचं काम पाहून त्यांनी मान हलवली. मग तिच्या हातातल्या साध्या आयर्नकडं बोट दाखवून मला विचारलं, "मॅडम, याचं तापमान किती?"

मी म्हटलं, "पुरेसं आहे."

"पुरेसं म्हणजे किती?"

मावशी मान वर न करता म्हणाली, "पाव्हणं, बोट लावून बघा, कळंल."

मुळे सर हसले, पण वहीत काहीतरी लिहिलं. ही कार्डं बिनशिशाच्या तारेनं भरायची होती. जुन्या तारेत कथलात शिसं असायचं. ती लवकर वितळायची आणि चुका पोटात घालायची. बिनशिशाची तार उशिरा वितळते आणि काही पोटात घालत नाही. त्यामुळं आयर्न तापमान धरून ठेवणारं पाहिजे. म्हणजे स्टेशन. एक डबा, त्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला आयर्न. डब्यावर तीनशे पन्नास अंश लावलं की बिट तीनशे पन्नासच राहणार. मुळे सर जाताना म्हणाले, "नमुन्याचा लॉट स्टेशनवर भरून द्या. तो पास झाला तर काम तुमचं. नाहीतर पुण्याचे लोक तयारच आहेत."

मला वाटलं, यात काय अवघड? दुकानात जायचं, स्टेशन आणायचं.

पैठण गेटजवळ रफिकभाईंचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचं दुकान आहे. कारखान्यात होते तेव्हापासून मी त्यांच्याकडं जाते, ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. त्यांनी माझ्यापुढं तीन प्रकार मांडले. एक चकचकीत, मोठ्या हिरव्या आकड्यांचं. दुसरं फिरवायच्या बटणाचं, दिसायला जुन्या रेडिओसारखं. तिसरं काचेच्या कपाटातलं, सगळ्यात महाग, त्याचं नाव घेतानासुद्धा रफिकभाई आवाज खाली आणत.

"यात चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"बाजी, सब अच्छेच हैं."

"मग भरवशाचं कोणतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "भरोसा तो बाजी, इन्सान का भी नै रहा. मशीन का कैसे बोलूं?"

मी घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक मुलगा म्हणत होता, वॅट जास्त घ्या. दुसरा म्हणत होता, वॅट म्हणजे फसवणूक, बिट किती लवकर परत तापतं ते बघा. तिसरा पहिल्या दोघांना शिव्या देत होता. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, तुझा नेमका युज केस काय आहे?" मी म्हटलं, बाळा, डाग द्यायचाय. तो म्हणाला, मीटिंग आहे, नंतर बोलतो.

मी हिरव्या आकड्यांचं आणलं. खरं सांगायचं तर आकडा दिसत होता म्हणून आणलं. मुळे सरांनी किती विचारलं की बोट दाखवता येईल.

पहिले काही दिवस सगळ्या खूश. मावशी म्हणाली, "लोण्यात सुरी गेल्यावाणी जातंय." मग एका सकाळी कथील बिटाला चिकटेचना. तार लावली की तिची गोळी व्हायची आणि घरंगळून खाली पडायची, अळवाच्या पानावरून पाणी पडावं तशी. बिट काळं पडलेलं. आकडा मात्र तीनशे पन्नास. आम्ही चारशे केलं. थोडं वितळायला लागलं. दुसऱ्या दिवशी तेही नाही. मग आणखी वाढवलं, तेव्हा नमुन्याच्या दोन कार्डांच्या पट्ट्या उचकटून वर आल्या. मावशीनं त्यातलं एक कार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं स्टेशन चुकीच्या गाडीला हिरवा दिवा दाखवतंय."

रफिकभाईंकडं गेले. त्यांनी बिट पाहिलं, चुकचुकले आणि म्हणाले, "पीस खराब निकला. डुप्लिकेट माल बहुत आरा आजकल." नवं बिट दिलं. तेही आठवडाभरात तसंच झालं. मग मी बटणाचं स्टेशन आणलं. त्याचंही तेच.

आता माझं डोकं चालेना. मी बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स. माझी पदवी शेडच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली, आणि तिच्याखाली बसून मला कळत नाही की बिट का काळं पडतंय. शेडमध्ये प्रत्येकीचं वेगळं मत. एक म्हणाली, बजाजनगरची लाइट वरखाली होते, त्यानं होत असेल. मी स्टॅबिलायझर लावला. दुसरी म्हणाली, बिट पुसायच्या स्पंजला आपण बोअरचं पाणी लावतो, खारं आहे, त्याचे थर बसतात. मी पिण्याच्या पाण्याचा जार स्पंजासाठी आणला. तिसरी म्हणाली, बिनशिशाची तारच नकली आहे. मी तार बदलली. चौथी म्हणाली, दृष्ट लागली. त्याला मी काही बदललं नाही.

मग मी म्हटलं, आकडा तरी खरा आहे का ते बघू. माझ्या मीटरला तापमान मोजायची तार लावता येते. ती बिटाला टेकवली तर तीनशेच्याही खाली दाखवलं. शेजारच्या गाळ्यात ओव्हन दुरुस्त करणारे काका बसतात, त्यांचं मीटर आणलं. त्यानं तीनशे सत्तर दाखवलं. डबा म्हणतो तीनशे पन्नास. तिघांचं तीन ठिकाणी. मी काकांना विचारलं, यातलं खरं कोणतं? ते म्हणाले, "माझं मीटर बारा वर्षं झाली माझ्याजवळ हाय, आजवर कधी खोटं बोललं नाय." मी म्हटलं, तुम्ही ते कशाशी ताडून पाहिलं? ते म्हणाले, "ताडायचं कशाला? दुसरं मीटरच नाय ना माझ्याकडं."

लॉट द्यायचा दिवस जवळ येत होता. मुळे सरांचा फोन आला, मी म्हटलं, चालू आहे. चालू काहीच नव्हतं.

शेवटी रफिकभाईंनीच काचेचं कपाट उघडलं. "ये ले जाओ बाजी. चला के देखो. पसंद आया तो रखो, नै तो वापस. जमाने से जानता मैं तुमकू." ते यंत्र मी रिक्षात मांडीवर घेऊन आणलं, बाळासारखं. संध्याकाळी सगळ्यांनी त्यावर एकेक डाग देऊन पाहिला. प्रत्येकीनं परत एकदा रांग लावली, इतकं ते छान चाललं. मी ठरवलं, काहीही होवो, हेच ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर शेडवर गेले. नवं यंत्र आहे, स्वतःच्या हातानं चालू करावं, एवढंच मनात होतं. मावशी माझ्याआधी आलेली. दारातच मला तो आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. कानशीचा आवाज.

आता हा आवाज मला काही नवा नव्हता. आमच्या लाइनवर सकाळचा पहिला आवाज हाच असायचा. जुन्या साध्या आयर्नचं बिट म्हणजे तांब्याची कांडी. ती रोज काळी पडते, तिला खड्डे पडतात. म्हणून रोज सकाळी कानशीनं घासून टोक काढायचं, पॉलिश पेपर मारायचा आणि मग कथील चढवायचं. आम्ही नव्यानं लागलो तेव्हा डाग द्यायच्या आधी बिट घासायला शिकवलं होतं. घासलेलं बिट म्हणजे चांगला कामगार. मावशी तर असं घासायची की सुपरवायझर बाकीच्यांना तिचं बिट आणून दाखवायचा. हा आवाज मला इतका सवयीचा होता की तो ऐकू येतोय हेसुद्धा मला कळायचं नाही. सकाळी कुणी अंगण झाडतंय, ते आपण थांबून ऐकतो का?

त्या दिवशी मात्र यंत्र दुसऱ्याचं होतं, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. मावशीनं खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर चुरा पडला होता. वर रुपेरी, मधे तांबूस. नव्या बिटाच्या टोकाला रुपेरी कातडीतून तांबडा ठिपका डोकावत होता.

"मावशी, थांब."

"का गं?"

"हे तांबडं काय आहे?"

"तांबं. बिटात तांबंच असतंय की."

"मग वर हे रुपेरी काय होतं?"

मावशीनं बिट डोळ्याजवळ नेलं. "चकाकी असंल. दुकानात दिसायला बरी."

मी टोपलीत टाकलेली जुनी बिटं काढली. हिरव्या आकड्यांच्या स्टेशनची, बटणाच्या स्टेशनची. सगळ्यांची टोकं तांबडी, आणि त्यात खड्डे. मग मी खोकी शोधली. खोक्यात घडी घातलेला इंग्रजी कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो मी एकदाही उघडला नव्हता. त्यात सरळ लिहिलं होतं की बिट तांब्याचं आहे, त्यावर लोखंडाचा पातळ थर आहे, आणि त्याला कानस लावू नये. थर गेला की कथील तांबं खायला लागतं आणि बिट मरतं.

मी रफिकभाईंना फोन लावला. "भाई, स्टेशनचं बिट घासायचं नसतं का?"

"घिसने का?" ते ओरडलेच. "स्टेशन की बिट कौन घिसता बाजी?"

"आम्ही घासतो. रोज."

"या अल्ला." मग म्हणाले, "वैसे घिसते तो हम भी थे. पुरानी वाली."

"मग सांगितलं का नाही?"

"मैं समझा तुमकू मालूम होगा. तुम तो बीएस्सी हो!"

"आणि मला वाटलं तुम्ही सांगाल. तुम्ही विकता!"

मग ते हळूच म्हणाले, "बाजी, अब समझा. सब ग्राहक यहीच शिकायत लेके आते. मैं सबकू बोला, पीस खराब निकला."

फोन ठेवला तर मावशी तिच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती. कानस रुमालात गुंडाळून बाजूला ठेवलेली. बाकीच्या बायका आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"म्हंजी मीच बिघडवली म्हणायची का सगळी, मॅडम?"

"तू नाही मावशी. आपल्याला तसंच शिकवलं होतं."

"मग ज्यानं शिकवलं त्याला आता कुठं हुडकू?" तिनं डोळ्याला पदर लावला नाही, ती तशी बाई नाही. पण त्यानंतर दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिनं आळस केला असता तर यंत्रं चांगली राहिली असती. नीट काम केलं म्हणून बिघडली.

आणि माझा मूळ गोंधळ संपला असं समजू नका, तो तर वाढला. आतापर्यंत मी हे वाईट, ते वाईट असं जे काही ठरवलं होतं ते सगळं रद्द झालं. तिन्ही यंत्रं चांगली असू शकत होती. तिन्ही वाईटही असू शकत होती. मी त्यांना पाहिलंच नव्हतं, मी फक्त घासलेली बिटं पाहिली होती.

रफिकभाई त्याच दुपारी स्वतः नवी बिटं घेऊन शेडवर आले. महागाच्या यंत्राचं बिट त्यांच्याकडं नव्हतं. त्यात बिट आणि तापवायचा भाग एकाच कांडीत असतो. एक गेलं की दोन्ही गेलं. ते मुंबईहून मागवावं लागणार होतं, कधी येईल सांगता येत नव्हतं. त्या बिघडलेल्या बिटाचे पैसे मी भरून दिले आणि यंत्र परत केलं. ते उत्तमच होतं. पण ज्याचं टोक गावात मिळत नाही ते माझ्यासाठी भरवशाचं कसं? कुठल्याही व्हिडिओतल्या मुलानं हे सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावात सगळं मिळत असेल.

राहिली दोन. नवी बिटं लावून ती शेजारी शेजारी ठेवली, दोन्हीवर तीनशे पन्नास. एक रद्दी कार्ड घेतलं, ज्याच्या खाली तांब्याचा मोठा पत्रा होता. मोठा पत्रा बिटाची उष्णता ओढून घेतो. मावशीला म्हटलं, थांबू नकोस, लागोपाठ डाग दे. ती बोलली नाही, पण बसली. हिरव्या आकड्यांचं पहिले दोनतीन डाग छान देऊन गेलं. मग कथील चिखलासारखं घट्ट यायला लागलं. आकडा मात्र जागचा हलला नाही, तीनशे पन्नास म्हणजे तीनशे पन्नास. बटणाच्या स्टेशनवर पेटता आकडाच नव्हता, बटणाभोवती छापलेले आकडे आणि नुसता एक दिवा मिणमिणत होता. पण ते डागामागून डाग देत गेलं. मी पुढं जाऊन मीटरनं बिटापासून प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत जोड आहे का पाहिलं. बटणाच्यात होती. हिरव्या आकड्यांच्यात तीन पिनांचा प्लग होता, आणि तिसरी पिन आत कशालाच जोडलेली नव्हती. कार्डावरचे नाजूक भाग अशानं करंट लागून मरतात, आणि मेलेत हे पुढं दवाखान्यात कळतं.

"हे रेडिओवाणी दिसतंय तेच घ्या," मावशी म्हणाली. सकाळनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

रफिकभाई हिरव्या आकड्यांच्या स्टेशनची उघडी पिन बघत बसले होते. ते म्हणाले, "मेरी दुकान में सबसे ज्यादा यहीच बिकता, बाजी." मला त्यांची दया आली.

आता एकच अडचण उरली आणि ती सगळ्यात अवघड निघाली. त्या इंग्रजी कागदात लिहिलं होतं की काम संपल्यावर बिट पुसून स्वच्छ करू नये. उलट त्यावर कथलाचा जाड थेंब तसाच ठेवून बंद करावं. त्या थेंबाखाली थर सांभाळला जातो. मी हे वाचून दाखवलं आणि मावशी उसळली.

"खरकटं ठिवून घरी जायचं?"

"होय मावशी. तसंच ठेवायचं."

"आगं, रातभर? उद्या सकाळी तसल्याच बिटाला हात लावायचा?"

"सकाळी तापलं की पुसायचं."

"माझ्या आईनं ऐकलं असतं तर चुलीतलं लाकूड घेऊन मागं लागली असती." ती सगळ्यांकडं वळली. "बायांनो, आजपासून खरकटं ठिवायचं. मॅडमचा हुकूम हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मॅडम ऐकून थोडं टोचलंच.

त्या संध्याकाळी ती बिटावर थेंब ठेवून उठली, दारापर्यंत गेली, परत आली, थेंबाकडं पाहिलं, पुसायचा स्पंज हातात घेतला आणि खाली ठेवला. मग पिशवी उचलून एकदाची गेली. बिट महिनाभर टिकलं, पुढंही टिकलं. पण कानस तिनं टाकली नाही. ती रुमालात गुंडाळून अजून तिच्या खणात आहे. मीही टाक म्हटलं नाही.

आम्ही लॉट भरला. प्रत्येक डाग मावशीनं भिंगाखाली पाहिला आणि मग मी पाहिला. मुळे सर न्यायला आले तेव्हा त्यांच्याजवळ पेटीत जपून ठेवलेलं तापमानाचं यंत्र होतं. त्यांनी आमच्या बिटाला लावलं. आम्ही बटण तीनशे पन्नासवर ठेवलेलं. त्यांच्या यंत्रात तीनशे अडतीस आले. मी माझं मीटर पुढं केलं, त्यात आणखी कमी. काकांचं आणलं, त्यात जास्त.

"सर, यातलं खरं कोणतं?"

मुळे सरांनी आपल्या यंत्राकडं बोट दाखवलं. "मॅडम, आमच्या कागदावर आमचं यंत्र खरं."

"आणि तुमचंच चुकत असेल तर?"

"मग सगळ्यांचं सारखंच चुकेल," ते म्हणाले. "तेही चालतं."

हे ते गमतीनं म्हणाले की शास्त्र म्हणून, मला आजवर कळलेलं नाही. मी बटण किंचित पुढं सरकवलं आणि त्यांच्या यंत्रात तीनशे पन्नास आल्यावर तिथं नेलपॉलिशचा ठिपका दिला. आमचं तीनशे पन्नास म्हणजे तो ठिपका.

कंपनीत ती कार्डं तापवली, गार केली, थरथरणाऱ्या टेबलावर ठेवून हलवली. निकाल यायचा होता. दिवसभर फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबायचे आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की परत चालू व्हायचे. शेवटी मुळे सरांचा आला. मी "हो सर, हो सर" एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर मावशीनं विचारलं, "काय म्हणला पाव्हणा?"

मी सांगितलं ते असं. एकही डाग ड्राय निघाला नाही. लॉट पास झाला. काम पुण्याला गेलं नाही, आमच्या शेडला मिळालं, आणि शेडमधल्या एकाही बाईला घरी बसावं लागणार नाही.